पाणी सोडायचा दिवस

संत्रा मार्केटच्या तोंडाशी भैय्याजींनी हाक मारली तेव्हा विजयाच्या हातात बर्फाचा डबा होता आणि मनात बोकडाच्या हृदयाचा एक धागा. दोन्ही गोष्टी रस्त्यात कुणाला सांगण्यासारख्या नव्हत्या. स्टेशनाजवळच्या बर्फवाल्याकडून सकाळी बर्फ घ्यायचा, लाकडाच्या भुशात दाबून डब्यात भरायचा आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत न्यायचा, हे काम खरं तर शिपायाचं; पण नोव्हेंबरात राज्यं बदलली, नागपूर मुंबई राज्यात गेलं, शिपाई भोपाळच्या वाटणीला गेला आणि त्याच्या जागी कोण येणार हे मुंबईला अजून ठरायचं होतं. तोवर शरीरक्रियाशास्त्राच्या डेमॉन्स्ट्रेटर बाई स्वतःच बर्फ वाहत होत्या. "काय डॉक्टरीनबाई," भैय्याजी टोपल्यांच्या राशीमागून म्हणाले, "दिसूनच नाई राहिल्या. झाल्या ना आता तुम्ही मुंबईवाल्या, अन् आम्ही पडलो भोपाळवाले." भैय्याजी सौंसरचे, संत्र्याचे व्यापारी. तिच्या वडिलांची तिगावजवळची बाग दरवर्षी फुलावर असतानाच ते विकत घेत, त्यामुळे त्या घराच्या सगळ्या बातम्या त्यांच्याकडे फळाच्या आधी पिकत. "आज पाणी सोडून राहिले तुमचे बापूजी," ते हसत म्हणाले. "बागेले बी अन् मुकुंदाले बी. मले म्हणे, भैय्याजी, दोघायचाही ताण पुरा झाला, पाहाले या. पण मले इथून निघता येते कुठं." विजयाही हसली, "बरं" म्हणाली, आणि निघाली. रस्ता ओलांडून टांग्यांच्या अड्ड्यापर्यंत आली. डब्याच्या बुडातून गार पाण्याचा एक थेंब तिच्या पावलावर पडला आणि मग तिला समजलं की आपण कशाला हसलो.

मुकुंद तिचा धाकटा भाऊ. पंचविशीतला, लग्न होऊन दोन वर्षं झालेला, आणि हृदय इतकं मोठं झालेला की क्ष-किरणांच्या फोटोत ते छातीच्या डाव्या कडेला जाऊन टेकलं होतं. दिवाळीच्या सुमारास त्याला नागपूरला आणलं तेव्हा त्याला आडवं होता येत नव्हतं. खाटेवर उशीला कवटाळून तो बसल्या बसल्या झोपायचा, आणि त्याचे पाय सुजून खांबासारखे झाले होते. इंजेक्शनं झाली, हृदयाच्या गोळ्या सुरू झाल्या, मीठ बंद झालं आणि पाणी मापून, दिवसाला एक गडू. सूज उतरली. पण बापूजींना ते पाण्याचं काही केल्या पटेना. वॉर्डच्या व्हरांड्यात पागोटं मांडीवर घेऊन ते बसायचे आणि येईल त्या डॉक्टरला विचारायचे, "तहानल्या पोराले पानी नाई द्यायचं, हे कोन्या शास्त्रात लिहिलं जी?" विजयाने समजावून सांगितलं. मोटेचं उदाहरण दिलं, थकलेल्या बैलांचं दिलं, उपसा कमी पडला की विहिरीत पाणी चढतं तसं अंगात चढतं, हे सांगितलं. ते ऐकून घ्यायचे आणि परत तेच विचारायचे. मग एका दुपारी त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे ताणावर सोडाचं त्याले," ते म्हणाले. "बागेसारखं." आणि विजया म्हणाली, "हो बापूजी, तसंच." वर्गाची घंटा झाली होती, आणि मुलगा आजारी पडल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर काहीतरी कळल्याचं समाधान आलं होतं. ते समाधान मोडायला तिचं मन धजलं नाही, हेही खरं. ती जिन्यावरून धावत वर्गात गेली आणि त्या दिवशी तिने बेडकाच्या हृदयाचे ठोके फार चांगले शिकवले.

ताण देणं म्हणजे काय हे पांढुर्ण्याच्या पोरांना बाराखडीच्या आधी कळतं. संत्र्याचं झाड मनाने बहरत नाही. त्याला बहरायला लावावं लागतं. त्याचं पाणी तोडायचं. पान मलूल होतं, पिवळं पडतं, गळायला लागतं, झाडाला वाटतं आता आपण मरणार. आणि नेमक्या त्या वेळी खत घालून, आळी बांधून, आधी हलकं आणि मग भरपूर पाणी द्यायचं. मग त्या उघड्या फांद्या पांढऱ्या फुलांनी भरून जातात. थंडीत ताण दिला आणि संक्रांतीनंतर पाणी सोडलं तर तो आंबिया बहार, कारण आंब्याला मोहोर येतो तेव्हाच तो फुलतो. आंबिया साधला नाही तर झाडाला पुन्हा पाण्यावर आणायचं, उन्हाळ्यात नवा ताण द्यायचा आणि मृगाच्या पावसावर फुलवायचं. तो मृग बहार. सगळं कसब दिवस ओळखण्यात. लवकर पाणी दिलं तर नुसती पालवी येते, आणि उशीर झाला तर झाड जातं. विहीर खचली त्या वर्षी बापूजींचा ताण लांबला आणि नाल्याकडची अख्खी ओळ वाळून गेली. ती झाडं त्यांनी स्वतः तोडली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, आणि त्या हंगामात संत्र्याची फोड तोंडात घातली नाही. म्हणजे आता हा माणूस दोन महिने आपल्या मुलाकडे बघत असणार. सूज ओसरली, गालफडं बसली, कातडी सैल पडली, ओठ सुकले. पान गळलं. आणखी थांबलो तर झाड जाईल, हीच धास्ती त्यांना असणार. ती टांग्यात बसली. टांगेवाल्याने विचारलं, कॉलेजात ना? ती म्हणाली, स्टेशन.

तार करावी असं मनात येऊन गेलं. पण तार पांढुर्ण्याच्या घरी जाणार, आणि आजच्या दिवशी घराला कुलूप असणार. पाणी सोडायच्या दिवशी घरातलं मांजरही बागेत असतं. इटारसीकडची पॅसेंजर लागलीच होती. बायकांच्या डब्यात खिडकीशी जागा मिळाली, डबा तिने मांडीवर घेतला आणि गाडी हलल्यावर मगच तिच्या ध्यानात आलं की प्रयोगशाळेत आज कुणीच बर्फ पोचवणार नाही. काचेच्या नळीत ग्लिसरीनमध्ये बुडवलेला तो धागा तसाच पडून राहणार. बोकडाच्या हृदयातली एक बारीक पट्टी, कसायाकडून आणलेली. आठवडे झाले, तिच्यातली सगळी जान ग्लिसरीनने धुऊन नेली होती. पण तिच्यावर एटीपीचे दोन थेंब टाकले की ती आकसायची. एटीपी म्हणजे स्नायूचं इंधन. विभागप्रमुख सरांनी परदेशातून ती पूड मागवली होती आणि ती बर्फातच ठेवावी लागे. पहिल्यांदा विजयाने ते भिंगातून पाहिलं तेव्हा तिला भीती वाटली होती, अगदी अंगावर काटा आला होता. मेलेल्या बोकडाच्या मेलेल्या हृदयाचा मेलेला तुकडा, आणि तो हातपाय जवळ घेतल्यासारखा आखडून गेला. सर मात्र लहान मुलासारखे खूश. तीन वर्षांपूर्वी इंग्लंडातून बातमी आली होती की स्नायूच्या पेशीत जाड आणि बारीक असे दोन प्रकारचे तंतू असतात आणि आकसताना ते तोकडे होत नाहीत, नुसते एकमेकांत सरकतात. सरांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घालून ते वर्गाला दाखवलं होतं. मग ते जरा थांबून म्हणाले होते, "हे घट्ट होणं आता कळलं. पण सैल कसं होतं, ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही." पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं नाही, कारण ते परीक्षेला येण्यासारखं नव्हतं.

काटोल गेलं. समोरच्या बाईने मुलाला शेंगा सोलून दिल्या, मग तांब्यातून पाणी पाजलं. पाणी पिताना मुलाच्या घशाचा आवाज होत होता, आणि विजयाला तो ऐकवेना. गेल्या नाताळच्या सुटीत ती घरी गेली होती तेव्हा मुकुंद पडवीत खाटेवर बसला होता, मांडीवर गडू, गडवात सकाळपासून पुरवलेलं अर्धं पाणी. तो ते पीत नव्हता, नुसतं त्यात बघत होता. "ताई, आता संक्रांत झाली का पानी," तो म्हणाला होता, आणि हसला होता. तिला वाटलं, बागेचं बोलतोय. तिनेही म्हटलं, हो, यंदा पान चांगलं गळलंय. त्याची बायको अलका दारात उभी होती, तीही हसली. किती सुखाने हसले होते ते तिघं! आणि तिला ते घरात काहीतरी सुधारत असल्याचं लक्षण वाटलं होतं. वॉर्डात तिने पथ्याचं पाणी पाळणारा माणूस पाहिलाच नव्हता. माणसं चोरून पीत. मोरीतलं पीत, फुलांच्या भांड्यातलं पीत, अंग पुसायच्या ओल्या फडक्याला तोंड लावून चोखत. तहान कुणाचंच ऐकत नाही. आणि मुकुंदाने मात्र एकदाही माप मोडलं नव्हतं. वॉर्डातले डॉक्टर तिला म्हणाले होते, तुमच्या भावाला जबरदस्त मनोबल आहे हो. तिने ते आपल्या घराण्याच्या खात्यावर जमा करून घेतलं होतं. आत्ता, नरखेडच्या अलीकडे, शेतांतून धुरळा उडत असताना, तिला खरं काय ते दिसलं. मनोबल वगैरे काही नव्हतं. त्याच्यापुढे एक दिवस होता. बापूजींनी त्याला सांगितलं होतं की एक दिवस पाणी सुटणार आहे, आणि बागाइतदाराचा पोर म्हणून त्याला ते मनापासून पटलं होतं. ज्या चुकीसाठी ती आज धावत निघाली होती त्याच चुकीने त्याला इथवर जगवलं होतं.

आणि तो दिवस नाही. हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं; फक्त ते कुणी विचारलं नव्हतं म्हणून तिने सांगितलं नव्हतं. झाडाला नवी फांदी फुटते, नवं पान येतं. हृदयाच्या पेशीला ते जमत नाही. जन्मताना जेवढ्या पेशी मिळाल्या तेवढ्यांवर सगळं आयुष्य काढायचं, जोडीला नवी येत नाही. लहानपणच्या तापाने मुकुंदाच्या हृदयाची झडप खाल्ली. ती नीट मिटेना, पुढे ढकललेलं रक्त थोडं मागे येई, आणि तेच काम परत करावं लागे. त्या पेशींनी तक्रार केली नाही. एकेक पेशी जाड झाली, लांब झाली, आतले तंतू वाढवत गेली, दोघांचं काम एकटीने ओढत राहिली. आणि बाहेरून बघणाऱ्याला पोरगं धडधाकट दिसत राहिलं. जरा खेचला गेलेला स्नायू जास्त जोराने ओढतो, ही निसर्गाची दया आहे. पण खेचण्याला सीमा आहे. तिच्यापलीकडे गेलं की एकमेकांत घातलेली बोटं सुटी व्हायला लागतात, ती नुसती टोकाला टोक लावून धरू बघतात, आणि धरलं जात नाही. मुकुंदाचं हृदय तिथे येऊन उभं होतं. त्याच्यावर पाण्याचा भार परत चढवला, गोळ्या थांबवल्या, मीठ सुरू केलं, की आठवड्याभरात तो पुन्हा उशीला कवटाळून बसेल, आणि या वेळी उठेल असं तिला वाटत नव्हतं. आजचा गडूभर काही करणार नाही. करणार होतं ते आजपासून सुरू होणारं. बापूजींचं शास्त्र पक्कं होतं: आज हलकं पाणी, मग भरपूर.

पांढुर्ण्याच्या अलीकडे गाडी उगीचच माळावर थांबली. कुणीतरी म्हणालं, इथून मध्यप्रदेश लागला. बायकांनी खिडकीबाहेर पाहिलं. तूर होती, बाभळी होत्या, एक म्हातारा बकऱ्या घेऊन उभा होता आणि त्याच्या निम्म्या बकऱ्या मुंबई राज्यात चरत होत्या. विजयाला सौंसरच्या शाळेचं मैदान आठवलं. दोघं मामाकडे राहून शिकत होती तेव्हा. पहिल्या पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी, मुकुंद पंधरा वर्षांचा, झेंडा हातात घेऊन सगळ्यांत पुढे. आणि बाजारचौकात तो एकाएकी दुकानाच्या पायरीवर बसला. ओठ जांभळे. झेंडा त्याने दुसऱ्या मुलाच्या हातात दिला आणि तिला म्हणाला, तू जा, मी मागून येतो. ती गेली. त्या दिवशी कुणालाही थांबायचं नव्हतं. घोषणा देऊन तिचा घसा बसला, दुपारी लाडू खाल्ले, आणि संध्याकाळी मामी म्हणाली, मुकुंदाला पित्त झालंय. त्याच्या आदल्या वर्षी घसा धरून ताप आला होता आणि सांधे सुजले होते, तेव्हा आईने जामसांवलीच्या मारुतीला नवस बोलला होता. आई आता नव्हती, पण नवस अलकाने चालू ठेवला होता. दर शनिवारी तिथलं तीर्थ कुणाकडून तरी यायचं आणि ती पळीभर त्याला द्यायची. नाताळात तिने विजयाला बाजूला घेऊन विचारलं होतं, "ताई, तीर्थ मोजाचं का वं?" विजया म्हणाली होती, मोजायचं. देवाचं असलं तरी पाणीच आहे. अलकाने मान हलवली आणि त्या दिवसापासून गडवातून पळीभर पाणी काढून ठेवायला लागली. इतकी चोख बाई. आणि आज ती बागेत उभी राहून नवऱ्याला भरला लोटा मिळताना बघणार, आणि तिच्या मनाला केवढा आनंद होत असेल.

तिगावला ती उतरली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. बाग स्टेशनापासून शेताच्या बांधाने जवळच. डबा कडेवर घेऊन ती जवळजवळ पळतच निघाली, आणि लांबूनच तिला मोटेच्या चाकाचा आवाज आला. कुरकुर, मग पाण्याचा धबका, मग बैलांना हाकारल्याचा आवाज. जवळ आल्यावर ओल्या मातीचा वास आला आणि न विचारता तिचं मन भरून आलं. या वासावर ती वाढली होती. पाणी दांडातून निघून एकेका आळ्यात शिरत होतं, पिवळ्या पानांचे थर त्याच्यावर तरंगत होते, आणि उघडी झाडं नुसती उभी होती. विहिरीजवळच्या पहिल्या झाडाच्या बुंध्याला हळदकुंकू लावलं होतं, नारळ फोडला होता. त्या झाडाखाली खाट, खाटेवर मुकुंद, अंगात धुतलेला सदरा आणि कपाळाला झाडासारखंच कुंकू. पहिल्या मोटेचं पाणी घरातल्या माणसांनी प्यायचं ही या बागेची रीत. बापूजी लोटा भरून उभे होते. "थांबा," विजया ओरडली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज फार मोठा निघाला. बैल हाकणारा गडीही थांबला.

"आली माय," बापूजी म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळलेला होता की तिला त्यांच्याकडे बघवेना. "भैय्याजीनं सांगितलं वाटते. पाय, बरोबर टायमावर आली. तुह्यासाठीच थांबला होता हा. म्हणे, ताईनं सांगितलेला ताण, ताईसमोरच सोडू." मुकुंद हसला. त्याच्या ओठांच्या कडांना पांढऱ्या भेगा होत्या. तो लोट्याकडे बघत नव्हता. लोट्याकडे न बघण्यासाठी त्याला किती जोर लावावा लागत होता ते त्याच्या मानेच्या शिरेवरून दिसत होतं. विजयाच्या जिभेवर वाक्य तयार होतं. सगळ्या रस्त्याने ती ते घोकत आली होती: बापूजी, हा ताण नाही, हे जन्मभराचं आहे, पाणी सोडायचा दिवस नाही. साधं वाक्य. वॉर्डात ती असली वाक्यं परक्या माणसांना सांगत असे. ती ते बोलायला गेली, आणि तिला दिसलं की ते बापूजींना सांगायचं म्हणजे मुकुंदाला सांगायचं. हा माणूस एका दिवसाला धरून बसला होता, दोन्ही हातांनी. त्याच्या हातातून तो दिवस काढून घेतला तर उद्या सकाळी तो कशाला धरून गडवात नुसता बघत बसेल?

ती खाली वाकली. मुकुंदाच्या घोट्याच्या वर अंगठा टेकवून तिने दाबलं, धरून ठेवलं, आणि सोडलं. मांसात एक खळगा राहिला. लहानसा, चिंचोक्याएवढा, पण तो भरून आला नाही. दिवाळीत तिथे अर्धं बोट आत जायचं. "बापूजी, इथं बघा," ती म्हणाली. "पान पुरतं गळलं नाही अजून." बापूजी लोटा अलकाच्या हातात देऊन खाली बसले. त्यांनी आपला मातीने भरलेला अंगठा तसाच दाबला आणि सोडला, आणि खळग्याकडे बघत राहिले. झाडाच्या सालीला नख लावून आतलं हिरवं बघावं तसं ते बघत होते. "हाव," ते हळू म्हणाले. "ओल हाय अजून आतमंदी." मग त्यांनी मान वर केली. "मंग किती थांबाचं? अजून आठ दिवस?"

मोटेचं उरलेलं पाणी दांडातून सरकत होतं. मुकुंद आता तिच्याकडे बघत होता.

"याचा आंबिया सोडून देऊ, बापूजी," विजया म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "मृग धरू."

बापूजींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. आयुष्यभर झाडं राखलेला माणूस तो. मृग धरायचा म्हणजे आधी झाडाला पाण्यावर आणावं लागतं, मग उन्हाळ्यात नवा ताण. दिवाळीपासून मृगापर्यंत कोरडं ठेवून जगेल असं झाड कुठल्याही बागेत नाही, हे त्यांनी तिला शिकवलं होतं. नाल्याकडची ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने तोडली होती. ते तिच्या तोंडाकडे बघत होते आणि तिने नजर खाली केली नाही. एवढंच तिला करता येण्यासारखं होतं. त्यांचे डोळे हळूहळू बदलत गेले. आधी त्यांत राग आला, मग प्रश्न आला, मग प्रश्न जाऊन नुसतं पाणी आलं, आणि तेही त्यांनी सांडू दिलं नाही. वॉर्डच्या व्हरांड्यात त्यांना जे कळलं होतं ते आता त्यांच्या हातून सुटत होतं. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, अलकाच्या हातातला लोटा घेतला, आणि सगळा लोटा त्यांनी कुंकू लावलेल्या झाडाच्या आळ्यात ओतला.

"बराबर बोलते ताई तुही," ते मुकुंदाला म्हणाले. आवाज अगदी ठणठणीत होता, बाजारात भाव सांगतानाचा. "घाई केली म्या. तुहा आपण मृग धरू, पोरा. मृग."

मुकुंदाने ओठावरून जीभ फिरवली. तोही बागाइतदाराचाच मुलगा होता. कुठलं झाड किती ताण झेलतं हे त्याला शाळेत जायच्या आधी कळत होतं. तो ओल्या आळ्याकडे बघत राहिला, पाणी मातीत जिरून संपेपर्यंत, आणि मग बापूजींकडे बघून म्हणाला, "चालते. मृगाचा संत्रा गोड राह्यते, बापूजी."

"हाव ना," बापूजी म्हणाले. "लय गोड." आणि ते मोटेकडे वळले आणि बैल थांबवल्याबद्दल गड्याला उगीचच शिव्या द्यायला लागले.

विजयाने मांडीवर डबा घेतला. झाकण घट्ट बसलं होतं, अलकाने पदर लावून ते फिरवून दिलं. आत सगळा ओला भुसा. तिने बोटांनी चाचपलं. तळाशी सुपारीएवढा तुकडा उरला होता. तो तिने पदराला पुसला, भुशाचे कण काढले आणि मुकुंदाला तोंड उघडायला सांगून त्याच्या जिभेवर ठेवला. त्याने दचकून डोळे मिटले. पांढुर्ण्यात बर्फ मिळत नव्हता. त्याने तो वॉर्डातसुद्धा कधी चाखला नव्हता. त्याचे गाल आत गेले, गळ्याची शीर हलली, आणि मिटलेल्या डोळ्यांनीच तो लहानपणी हसायचा तसा हसला. मागे मोट पुन्हा सुरू झाली होती. अलका मापाचा गडू हातात घेऊन उभी होती, त्यातलं पाणी काढून टाकावं की नाही या विचारात.

"ताई," ती हळूच म्हणाली, "हे मोजाचं का?"

"नको," विजया म्हणाली. "हे नको मोजू."